पॉलिसी कोण सोडतं, कोणाला सोडता येत नाही



स्मृतिव्याख्यानात मेडिक्लेमवर बोलणार म्हटल्यावर एक-दोघांच्या भुवया उंचावल्या, असं कानावर आलं. साहजिक आहे. संत, नाटक, इतिहास यांना सभागृहात जागा असते. हप्त्याच्या पावतीला नसते. पण म्हैसूर हे शहर पेन्शनरांचं नंदनवन म्हणून ओळखलं जातं. रेल्वे वर्कशॉप, बीईएमएल, सीएफटीआरआय, बँका, कॉलेजं इथून निवृत्त झालेली आणि मुलं बेंगळुरूला, पुण्याला नाहीतर न्यू जर्सीत असलेली कितीतरी जोडपी समोर बसली आहेत. कुक्करहळ्ळी तळ्याभोवती फिरताना गुडघे आणि शुगर हे दोन विषय झाले की तिसरा येतो तो हाच. ‘तुमची कोणती कंपनी? यंदा किती वाढवला?’ आणि मग, ‘बदलून टाकावी म्हणतो.’ म्हणतात बरेच, बदलतात थोडे. जे बदलतात ते का बदलतात आणि जे थांबतात ते का थांबतात, एवढंच आज बघायचं आहे.

या प्रश्नाचं सोपं उत्तर तयार असतं. समाधानी माणूस थांबतो, नाराज माणूस जातो. विमा कंपन्यांच्या अहवालांत नूतनीकरणाचं प्रमाण याच अर्थाने छापलं जातं: इतके टक्के ग्राहक आमच्याकडेच राहिले, म्हणजे इतक्या लोकांचा आमच्यावर विश्वास. मला हे उत्तर पटत नाही. आरोग्यविम्यात थांबणं आणि समाधानी असणं यांचा संबंध फार कच्चा आहे, आणि तो कच्चा का आहे हे एकदा नीट कळलं की या धंद्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी थोडा इतिहास, कारण ‘कंपनी बदलणं’ ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. म्हैसूर संस्थानाने १८९१ साली आपल्या नोकरांसाठी आयुर्विम्याची योजना काढली. आजचा कर्नाटक शासकीय विमा विभाग तिच्यातूनच आला. सरकारी नोकरी लागली की विमा आलाच, हप्ता पगारातून कापला जायचा. तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उरल्या. त्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला हा योगायोग मला नेहमी मजेशीर वाटतो. ग्राहकाला हक्क मिळाले, पण मेडिक्लेमपुरता तो चार दुकानांत एकच माल विकणाऱ्या पेठेत उभा होता. एका कंपनीवर रुसून दुसरीकडे जाण्यात काही अर्थ नव्हता. तेव्हाची भीती वेगळी होती. आपण कंपनी सोडू, ही नव्हे. कंपनीच आपल्याला सोडेल, ही.

ही भीती काल्पनिक नव्हती. कोलकात्याच्या एका पॉलिसीधारकाने क्लेमसाठी न्यायालयात धाव घेतली म्हणून युनायटेड इंडियाने त्याची पॉलिसी पुढे चालू करायला नकार दिला. बिमन कृष्ण बोस यांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असा मनमानी नकार चालणार नाही. नंतर नियामकाने, म्हणजे आयआरडीएने, हे तत्त्व टप्प्याटप्प्याने नियमांत आणलं. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाची हमी दिली आणि क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारण्याची वाट बंद केली. आज सत्तरीतला माणूस निर्धास्तपणे हप्ता भरतो त्यामागे ही झटापट आहे.

म्हणजे कंपनी आपल्याला काढू शकत नाही. मग आपण जाऊ शकतो का?

१ ऑक्टोबर २०११ पासून कागदोपत्री जाऊ शकतो. आरोग्यविम्याची पोर्टेबिलिटी त्या दिवशी सुरू झाली. त्याच वर्षी २० जानेवारीला मोबाइल नंबरची पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली होती, त्यामुळे लोकांनी दोन्हींना एकच शब्द लावला आणि दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली. इथे मोठा घोटाळा झाला. मोबाइल कंपनीला तुम्ही कोण आहात याच्याशी घेणंदेणं नसतं. तुम्ही दिवसाला शंभर फोन करा नाहीतर एकही करू नका, ती तुमचा नंबर घेते. विमा कंपनी आधी तुमची फाइल मागते. पोर्टेबिलिटीने तुम्हाला जी गोष्ट दिली ती म्हणजे आधी काढलेल्या वर्षांचं श्रेय: आधीपासूनच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जितका सरला असेल तितका नव्या कंपनीने मानायचा, तोही जुन्या विमा रकमेपुरता. वाढवून घेतलेल्या रकमेला घड्याळ पुन्हा शून्यापासून. आणि मुख्य म्हणजे नव्या कंपनीला अर्ज नाकारायची मुभा राहिली. हक्क मिळाला तो अर्ज करण्याचा.

आता एक उदाहरण घेऊ. हे गृहस्थ मी कल्पनेने उभे केले आहेत, पण त्यांचा चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटेल. सरस्वतीपुरममध्ये राहणारे ६३ वर्षांचे निवृत्त प्राध्यापक. चौदा वर्षं एकाच कंपनीची पाच लाखांची पॉलिसी, एकही क्लेम नाही. कुणी विचारलं की सांगतात, ‘आमची कंपनी उत्तम.’ कशावरून? एजंट दिवाळीला फोन करतो, पॉलिसीचं कार्ड वेळेवर येतं. मग एक दिवस छातीत दुखतं, अँजिओप्लास्टी होते. चार दिवस रूमचं भाडं दिवसाला ८ हजार. पॉलिसीत मर्यादा आहे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५ हजार. गृहस्थांना वाटतं, फरक दिवसाला तीन हजारांचा, चार दिवसांचे बारा हजार आपण भरू. डिस्चार्जच्या वेळी कळतं की रूम महाग घेतली तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. या बाबी १ लाख ६० हजारांच्या असतील तर कंपनी त्यातले पाच-अष्टमांश, म्हणजे १ लाख देते. औषधं आणि स्टेंट यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. तरी खिशातून गेले बहात्तर हजार. मुलगी फोनवर बेंगळुरूहून ओरडते, ‘बाबा, पोर्ट करा!’

बाबा पोर्टचा फॉर्म घेतात. तिसऱ्या पानावर प्रश्न: गेल्या काही वर्षांत शस्त्रक्रिया, हृदयविकार, रुग्णालयात दाखल? महिन्यापूर्वी हाच फॉर्म भरला असता तर सगळीकडे ‘नाही’ लिहिलं असतं. आता तीन ठिकाणी ‘हो’ लिहावं लागतं. एक कंपनी नाकारते, दुसरी जादा हप्ता सांगते, तिसरी उत्तरच द्यायला टाळाटाळ करते. शेवटी बाबा जुन्याच कंपनीचा हप्ता भरतात, आणि त्या वर्षीच्या अहवालात ‘आमच्याकडेच राहिलेले समाधानी ग्राहक’ यांत एकाची भर पडते.

मला जे सांगायचं आहे ते इतकंच आहे. कंपनी चांगली की वाईट हे क्लेम केल्याशिवाय कळत नाही, आणि क्लेम केला की दुसरीकडे जाण्याची दारं मिटत जातात. ज्ञान आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी या बाजारात एकाच माणसाकडे एकाच वेळी फारशा नसतात. ज्याला काही कळलेलं नाही तो कुठेही जाऊ शकतो; ज्याला सगळं कळलं त्याला हलता येत नाही. चौदा वर्षं क्लेम न करणाऱ्या माणसाचं ‘आमची कंपनी उत्तम’ हे प्रमाणपत्र कुणी विचारात घेऊ नये. दिवाळीचा फोन किती गोड होता, एवढंच त्यावरून समजतं.

नियामकाला याची जाण नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या नियमांनी बऱ्याच गाठी सैल केल्या. आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आधी यासाठी आठ वर्षं लागत. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाही, ही भिंतही पडली. पोर्टच्या अर्जावर जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि नवीने पाच दिवसांत निर्णय कळवायचा. सगळं स्वागतार्ह. पण बारकाईने पाहा. जलद झाला तो निर्णय. निर्णय ‘हो’ असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. पूर्वी पंधरा दिवसांनी मिळणारा नकार आता पाच दिवसांत मिळेल.

तरीही सगळं पाप आजाराच्या माथी मारणं बरोबर नाही. तरुण, धडधाकट, उत्तम पगाराची माणसंही बदलत नाहीत. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनांची निवड तपासली. नव्या योजना आल्या तेव्हा नव्याने नोकरीला लागलेल्यांनी त्या मोठ्या प्रमाणात घेतल्या. जुने कर्मचारी मात्र बहुतांशी होते तिथेच राहिले. योजना त्याच, हप्ते तेच. फरक एवढाच की जुन्यांनी आधी काहीतरी निवडलेलं होतं. बेन हँडेल यांनी २०१३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांबाबत दाखवलं की ‘कोण पुन्हा कागदपत्रं करत बसणार’ या आळसाची किंमत माणशी वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर पडत होती. लोक डोळ्यांदेखत महाग योजनेत पडून राहिले होते.

आपल्याकडे या आळसाला आणखी दोन टेकू आहेत. एक म्हणजे बोनस. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला विमा रक्कम थोडी वाढते, आणि ते आकडे पॉलिसीवर ठळक छापलेले असतात. हलल्यावर हा बोनस बुडेल अशी धास्ती असते. प्रत्यक्षात पोर्ट करताना तो जुन्या विमा रकमेत धरून श्रेय मागता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसरा टेकू एजंट. २०११ च्या मूळ नियमांत पोर्ट होऊन आलेल्या पॉलिसीवर कुणालाही दलाली नव्हती. म्हणजे पोर्टेबिलिटीचं नवं दार उघडलं, पण तुम्हाला त्या दारापर्यंत नेणाऱ्याला त्यात एक पैसा नव्हता. पुढे दलाली सुरू झाली आणि तोच एजंट अचानक पोर्टचे फायदे सांगू लागला. एजंटांना मी खलनायक ठरवत नाही. म्हैसूरसारख्या शहरात रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएशी हुज्जत घालायला येणारा एजंट असतो आणि त्यासाठी दोन हजार जास्त देणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. तो माणूस कंपनीशी निष्ठावान नसतोच. तो एजंटाशी निष्ठावान असतो. एजंटाने कंपनी बदलली की त्याच्यामागून शंभर कुटुंबं जातात.

काही वेळा तर ग्राहक जागचा हलत नाही आणि कंपनीच त्याच्या पायाखालून सरकते. अपोलो म्युनिकची पॉलिसी घेतलेल्यांना २०२० नंतर एचडीएफसी अर्गोचं कार्ड आलं. रेलिगेअरची ‘केअर’ झाली, मॅक्स बुपाची ‘निवा बुपा’. भारती एक्साचा सर्वसाधारण विमा आयसीआयसीआय लोम्बार्डमध्ये विलीन झाला. ज्यांनी नाव पाहून पॉलिसी घेतली त्यांना नाव बदलताना कुणी विचारलं नाही. बँकेमार्फत समूह पॉलिसी घेणाऱ्यांचंही तसंच. बँकेने करार बदलला की हजारो खातेदार एका पत्राने दुसऱ्या कंपनीत जातात. आयटीतल्या मुलांच्या आईवडिलांचं कवच तर मुलाच्या नोकरीला बांधलेलं. मुलाने नोकरी बदलली की वडिलांची कंपनी बदलते, कधी कधी कवचच संपतं. अशा वेळी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करताना ते आठवत कुणाला? समोर बसलेल्यांपैकी ज्यांची मुलं मोठ्या कंपन्यांत आहेत त्यांनी आजच फोन करून विचारावं. सुनेला विचारलंत तर बहुधा नेमकं उत्तर मिळेल.

आता सोडून जाणाऱ्यांकडे वळू. याबाबतीत या राज्याने देशाला एक असा धडा दिला आहे की त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

१४ नोव्हेंबर २००२ रोजी कर्नाटकात यशस्विनी योजनेचं उद्घाटन झालं आणि १ जून २००३ पासून शस्त्रक्रिया सुरू झाल्या. कल्पनेमागे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी आणि राज्याचं सहकार खातं. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या शेतकऱ्याने महिन्याला पाच रुपये, वर्षाला साठ रुपये भरायचे. शासन थोडी भर घालायचं. आणि सोळाशेहून अधिक प्रकारच्या शस्त्रक्रिया नेमलेल्या रुग्णालयांत मोफत. दूध संस्था, पतसंस्था, विणकर संस्था यांच्या सचिवांनी गावोगावी नोंदणी केली. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर या पट्ट्यात दूध संस्थांचं जाळं दाट, त्यामुळे या भागात ‘यशस्विनी कार्ड’ हा शब्द घरोघर गेला. पहिल्या वर्षी सुमारे १६ लाख लोक आले, दुसऱ्या वर्षी आकडा २० लाखांवर गेला. तिसऱ्या वर्षी वर्गणी दुप्पट झाली, साठाची एकशेवीस. आणि सभासदसंख्या १५ लाखांच्या खाली उतरली.

एका वर्षात पाच लाखांहून अधिक माणसं का गेली? साठ रुपये जास्त द्यावे लागले म्हणून, हे वरवरचं उत्तर. पाच माणसांच्या घराला तीनशे रुपयांची वाढ सोसत नव्हती, हेही खरं. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. आपल्या समाजाला पैसे एकत्र ठेवण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे ती भिशीची. भिशीत प्रत्येकाची पाळी येते. दोन वर्षं भरूनही ज्या घरात कुणाच्या पोटावर सुरी चालली नाही त्या घराला वाटलं की आपली पाळी काही आली नाही, पैसे बुडाले. विम्याची भिशी अशी की जिची पाळी येऊ नये म्हणून देवाला नवस करायचा. ही गोष्ट साठ रुपयांत पचली, एकशेवीसमध्ये पचली नाही.

आणि कोण गेलं, हे जास्त महत्त्वाचं. ज्याचा हर्निया पुढच्या महिन्यात काढायचा होता तो कशाला जाईल? गेले ते धडधाकट. मागे राहिले त्यांत ऑपरेशनची गरज असलेल्यांचं प्रमाण वाढलं. निधी तोच धरला तर माणशी खर्च चढतो, खर्च चढला की वर्गणी वाढवावी लागते, वर्गणी वाढली की आणखी धडधाकट जातात. विम्याच्या अर्थशास्त्रात हे चक्र जुनं आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींसोबत नेमकं पासष्टीपुढच्या माणसांच्या आरोग्यविम्याचं उदाहरण दिलं होतं. यशस्विनी त्या चक्रातून तेव्हा वाचली, कारण शासनाची भर होती आणि सहकारी संस्थांचे सचिव पुन्हा दारोदार फिरले. पुढच्या वर्षी आकडा परत चढला. २०१८ मध्ये ती ‘आरोग्य कर्नाटक’मध्ये विलीन करून बंद केली गेली, ते लोक सोडून गेले म्हणून नव्हे, धोरण बदललं म्हणून. आणि २०२२-२३ मध्ये परत सुरू करावी लागली. या वेळी ग्रामीण भागात चौघांच्या कुटुंबाला पाचशे रुपये, शहरी भागात हजार, आणि मर्यादा पाच लाख. मधल्या चार वर्षांत लोक ती मागत होते. सरकारी योजना बंद पडल्यावर लोकांनी परत मागण्याची उदाहरणं फार नाहीत.

बँकांतून निवृत्त झालेल्या मंडळींनी हेच चक्र शहरी कपड्यात पाहिलं आहे. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर निवृत्तांनाही समूह विम्यात यायची सोय झाली, हप्ता मात्र ज्याचा त्याने भरायचा. पुढच्या काही वर्षांत तो हप्ता कित्येक पटींनी वाढला. ज्यांना शक्य होतं ते बाहेर पडले, ज्यांना डायलिसिस किंवा कॅन्सरचे उपचार चालू होते ते कसे पडणार? सभागृहात माना हलताना दिसत आहेत, त्यामुळे तपशिलात जात नाही.

यावरून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. जर कंपनी बदलणं सगळ्यांना खरोखर सोपं केलं, तर ते आजाऱ्यांच्या भल्याचं होईल का? हँडेल यांच्या त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की आळस काढून टाकला, लोक हुशारीने योजना निवडू लागले, तर धडधाकट माणसं स्वस्त योजनेत गोळा होतील आणि आजाऱ्यांची योजना आणखी महाग होईल. म्हणजे ज्या आळसाला आपण नावं ठेवतो त्यानेच आजवर तरुणांचा पैसा म्हाताऱ्यांच्या उपचारांपर्यंत पोचवला. मला हे वाचून बरेच दिवस अस्वस्थ वाटत होतं. ग्राहकचळवळीत वाढलेल्या माणसाला ‘लोकांनी डोळे मिटून थांबावं’ हे पटणं कठीण.

यातून वाट काढली ती नेदरलँड्सने. २००६ मध्ये तिथे नवा कायदा आला. प्रत्येक नागरिकाने खासगी कंपनीचा मूळ विमा घ्यायचा, दर वर्षअखेरीस कंपनी बदलता येईल, आणि कोणतीही कंपनी कुणालाही नाकारू शकणार नाही. वय आणि आजार पाहून हप्ता वेगळा लावू शकणार नाही. मग कंपन्या म्हाताऱ्यांना का घेतील? कारण एका सामाईक निधीतून ज्या कंपनीकडे आजारी ग्राहक जास्त तिला जास्त पैसे मिळतात. मधुमेही ग्राहक आला तर त्याच्यासोबत त्याच्या मधुमेहाचे पैसेही येतात. पहिल्याच वर्षी १८ टक्के लोकांनी कंपनी बदलली. पुढे प्रमाण उतरलं आणि पाच-सात टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. गंमत अशी की तिथेही बदलणाऱ्यांत तरुण आणि निरोगी जास्त. वृद्ध मंडळी थांबतात, कारण दात, चष्मा, फिजिओथेरपी यांसाठीचा पूरक विमा वेगळा आहे आणि त्यात कंपनी नकार देऊ शकते. मूळ विमा हलवला तर पूरक विमा जाईल, ही भीती. दाराला एक छोटी कडी राहिली तरी तेवढीच पुरते.

आपल्याकडे तसा सामाईक निधी नाही. तेव्हा ज्यांना हलता येत नाही त्यांच्यासाठी दुसरं काय उरतं, याचं उत्तर मला अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० च्या एका छोट्या पुस्तकात मिळालं. ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. संस्था बिघडली की माणूस एकतर सोडून जातो, नाहीतर आवाज करतो. नायजेरियात रेल्वे इतकी वाईट का राहते, हे त्यांना पडलेलं कोडं होतं. त्यांना दिसलं की ट्रक उपलब्ध झाल्यावर सर्वांत जास्त तक्रार करणारे मोठे व्यापारी ट्रककडे गेले आणि रेल्वेवर ओरडणारं कुणी उरलं नाही. आरोग्यविम्यात जाणारे जातात तेव्हा तेही मोठ्याने बोलणारेच असतात: इंटरनेट वापरणारे, अटी वाचणारे, तिशी-चाळिशीतले. मागे राहतात त्यांनी ओरडायला शिकलं पाहिजे, कारण त्यांच्याकडे दुसरं हत्यार नाही.

ओरडायची जागा आहे. कर्नाटकासाठी विमा लोकपालांचं कार्यालय बेंगळुरूत जे. पी. नगरला जीवन सौध इमारतीत आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या क्लेमचा वाद चालतो, आणि सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते, त्यामुळे पहाटेची ट्रेन पकडायची गरज नाही. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीने तीस दिवसांत पाळला नाही तर तिने तुम्हाला दर दिवसाला पाच हजार द्यायचे, हे २०२४ पासून नियमात आहे. आपल्या त्या प्राध्यापकांसारख्यांनी बहात्तर हजारांचा हिशेब घेऊन तिथे जायला हवं. रूमच्या अटीनुसारची कपात कदाचित बरोबर ठरेल. पण औषधांवरही कात्री चालवली होती का, ते तरी तपासलं जाईल. या शहरात म्हैसूर ग्राहकर परिषत आहे, महाराष्ट्रात १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत आहे. अर्ज कसा लिहायचा हे सांगणारी माणसं मिळतात. तुमच्या मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवली तर मी पुन्हा यायला तयार आहे.

एका तक्रारीला मात्र अजून नीट खिडकी नाही, आणि लोक पॉलिसी सोडतात ते बहुतेक तिच्यामुळेच. क्लेम कमी दिला, उशिरा दिला, नाकारला, यावर लोकपाल निवाडा देतात. कंपनीने दरच किती ठेवावा हे त्यांच्या कक्षेत बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्याने हप्त्यावरचा भार उतरला. मूळ दर का वाढतो हा प्रश्न तिथेच राहिला. ३० जानेवारी २०२५ ला नियामकाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आमच्याशी बोलावं. साठीच्या पुढच्यांना तेवढा आडोसा मिळाला. साठीच्या अलीकडे, अठ्ठावन्न-एकोणसाठला, नुकतंच बीपीचं निदान झालेला आणि पोर्टचा अर्ज नाकारला गेलेला जो माणूस आहे, त्याच्या हप्त्याला आज अशी कोणतीही टक्केवारी लागू नाही.